खळ्याला चिरे घालताय? मग आधी हे वाचा

दसरा उलटला, पाऊस एकदाचा गेला, की आमच्या कसालात घरोघर खळ्याची कामं निघतात. खळं म्हणजे अंगण, बरं का! पूर्वी माती टाकायची, चोपण्यानं चोपायची, वर शेणानं सारवायचं, की पुढच्या पावसापर्यंत निश्चिंती. आता गुरं कमी झाली आणि दर आठवड्याला सारवायला कंबर कुणाची आहे? मग वाटतं, फरसबंदीच करून टाकू या. तुमच्याही मनात ते घोळत असेल, तर मैत्रिणींनो, आधी माझी फजिती ऐका.

आम्ही पहिल्यांदा सगळ्या खळ्याला चिरे घातले आणि बचत केली ती नेमकी नको तिथे. खालच्या भरावात! ‘माती घट्टच आहे, वहिनी,’ असं गवंडी म्हणाला आणि मीही आनंदानं मान डोलावली. जुलैत चिरे खचले, पायरीशी पाणी तुंबलं, शेवाळ धरलं. एका सकाळी सासूबाईंचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. प्लॅस्टर, गाडीभाडं आणि नंतर उखडून केलेलं काम धरलं, तर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट गेले. सासूबाई खाटेवरून एवढंच म्हणाल्या, “गो, आधी पानी खंय जातला तां बघ, मगे चिरो घाल.”

दुसऱ्या खेपेला मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. खळं 20 बाय 25, म्हणजे 500 चौरस फूट. पण पाय पडतात कुठे? बेड्यापासून पायरीपर्यंत 3 फूट रुंद, 20 फूट लांब वाट, म्हणजे 60. तुळशीभोवती 32, धुण्याच्या जागेला 20. झाले 112! पाव खळंसुद्धा नाही. उरलेली माती तशीच राहू दे, पाणी जिरून विहिरीलाच मिळेल.

आता दगड. शहाबादी फरशी कर्नाटकातून यायची, तिचं भाडं कशाला भरा? आपला जांभा हाताशी आहे. याच दगडाला 1807 साली फ्रान्सिस बुकाननने लॅटिनमधल्या ‘वीट’ या शब्दावरून ‘लॅटेराइट’ नाव दिलं. खाणीतून निघताना तो मऊ असतो, वारा लागला की कडक होतो. म्हणून कापून काही दिवस झालेला चिरा मागा. पांढऱ्या-पिवळ्या मातीचे डाग असलेला बाजूला काढा, तो पावसात झिजून खड्डा पडतो. माप खाणीखाणीला वेगळं, तेव्हा स्वतः मोजा. चिरा 14 बाय 9 इंच भरला, तर 112 फुटांना 128 लागतात. मोडतोड धरून 140 सांगा. पडक्या गोठ्याचे जुने चिरे असतील तर सोन्याहून पिवळं! शेजारणीलाही हवे असतील तर एकाच ट्रकमध्ये आणा, भाडं निम्मं पडतं.

पण भरावात काटकसर नको. चिऱ्याच्या जाडीपेक्षा चार इंच जास्त खणायचं. तळ धुमसानं ठोकायचा, फुटक्या चिऱ्यांचे तुकडे पसरून पुन्हा ठोकायचे, वर दोन इंच ग्रीट. उतार घरापासून बाहेर, दर पाच फुटांना एक इंच. चिरे बसवण्याआधी दोन बादल्या पाणी ओतून ते कुठे पळतं ते पाहाच. गवंडी हसेल, हसू दे. सांध्यांत सिमेंट न भरता ग्रीटच झाडून घाला. सिमेंट वाचतं, पाणी खाली जिरतं, आणि एखादा चिरा खचलाच तर तेवढाच उचलून पुन्हा बसवता येतो. सांध्यांतून गवत उगवतं खरं, पण ते उपटणं मनगट मोडण्यापेक्षा बरं.

शेवाळाला मात्र जांभ्यावर कायमचा उपाय नाही. पावसात आठवड्याला कोरडा खराटा कसून मारायचा, आणि धो धो पावसाच्या दिवसांत वाटेवर माडाची चुडतं पसरायची. जुन्या बायका तेच करायच्या.

आमचे बारा चिरे उरले. त्यांचा पायरीशेजारी बसका कट्टा केलाय. संध्याकाळी सासूबाई त्यावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना आधी पाणी कुठे जातं ते दाखवतात, मग चहा विचारतात.