यूनिकोड व देवनागरी अक्षरजुळणी

यूनिकोड व देवनागरी अक्षरजुळणी : जगातील लिप्यांच्या वर्णांना स्वतंत्र संकेतांक देणाऱ्या यूनिकोड या संगणकीय मानकाची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत संकेतांक वर्णाला असतो, आकृतीला नव्हे. आकृती टंक पुरवितो. त्यामुळे चीन, जपान व कोरिया येथील समान उगमाच्या हान अक्षरांना सामाईक संकेतांक मिळाले आणि चिनी टंकात जुळविलेल्या जपानी मजकुरात काही अक्षरांचे वळण परके दिसू लागले. मराठी व हिंदी ‘ल’ आणि ‘श’ यांचेही तसेच आहे. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये पाकळीयुक्त ल व देठयुक्त श ही रूपे विहित केली. मात्र संकेतांक एकच असल्याने टंकात ही रूपे असावी लागतात आणि दोन्ही वळणे असलेल्या टंकात मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवावी लागते.

याउलट, एकाच आकृतीचे दोन संकेतक्रमही आढळतात. ‘ऱ’ हा वर्ण मुळात द्राविडी भाषांतील ध्वनीच्या लिप्यंतरासाठी नोंदविलेला आहे. पण भारतीय मानक इस्कीला अनुसरून त्याचे अर्धे रूप मराठीतील आडवा र दर्शविते. यूनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी र, हलन्तचिन्ह व शून्य-रुंदी जोडक हा दुसरा क्रमही ग्राह्य आहे. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. संगणकाला ते भिन्न असतात. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांच्या वर्णनात ‘दऱ्या’ हा शब्द वारंवार येतो. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना अदृश्य जोडक गळाल्यास त्याचा ‘दर्या’, म्हणजे समुद्र, होतो. ‘शेतकऱ्यांचा’ किंवा ‘बोऱ्हाडे’ यांसारखे शब्द दोन क्रमांनी नोंदविले गेल्यास एका क्रमाने घेतलेल्या शोधात दुसरी नोंद सापडत नाही. जमीन, मतदार यांच्या याद्यांत हा दोष गंभीर ठरतो.

‘ॲ’ ला स्वतंत्र संकेतांक २००८ मध्ये मिळाला. तत्पूर्वीच्या मजकुरात ‘अ’ वर चंद्र देऊन किंवा हिंदी वळणाचा ‘ऍ’ वापरून काम भागविलेले आढळते.

यूनिकोडच्या प्रमाणीकरण-नियमांनी हे पर्याय एकरूप होत नाहीत. म्हणून जुळणीपूर्वी सर्व मजकूर एका ठरविलेल्या क्रमात आणणे, त्याआधी जोडक गाळला जाऊ न देणे व शोधप्रणालीत सर्व क्रम समान मानणे आवश्यक असते. जोडक आधीच गळाला असेल, तर ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतील निवड संदर्भ जाणणाऱ्या मुद्रितशोधकालाच करावी लागते.