उन्हात फुलाचा वास हरवतो का?

आज वासाबद्दल बोलू. फुलाचा रंग माशीला जवळ आल्यावर दिसतो, लांबून वाट दाखवतो तो बऱ्याचदा वास. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर फूल सेंडर, माशी रिसीव्हर. तापमान वाढलं की दोन्ही टोकांना गडबड होते.

आधी फूल. गरमीत अत्तर जास्त दरवळतं, मग फूलही दरवळेल, असं वाटतं ना? काही फुलांचं एका मर्यादेपर्यंत तसं होतंही. पण फूल म्हणजे अत्तराची बाटली नव्हे, ते वास स्वतः बनवत असतं. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी पेटुनियाची रोपं वेगवेगळ्या तापमानात वाढवली. दिवसा २२ अंशांऐवजी २८ अंशांत वाढलेल्या फुलांनी वास कमी सोडला, कारण तो बनवणारी जनुकंच मंदावली होती. सहाच अंशांचा फरक हो! शिवाय वास हे अनेक रसायनांचं मिश्रण. उष्णतेत प्रत्येकाचं प्रमाण सारखं बदलत नाही, त्यामुळे माशीने ओळखीचा करून घेतलेला वासच वेगळा होऊ शकतो.

आता माशी. ती वास घेते अँटेनाने, म्हणजे डोक्यावरच्या त्या दोन मिशांनी. जर्मनीत वुर्झबर्गच्या संशोधकांनी बंबलबी, म्हणजे थंड प्रदेशातल्या गुबगुबीत केसाळ माश्या, जवळपास तीन तास ४० अंशांत ठेवल्या. मग अँटेनाला इलेक्ट्रोड लावून फुलांच्या वासातली रसायनं हुंगवली. २०२४ साली निकाल छापून आला: काही वासांना मिळणारा प्रतिसाद ८० टक्क्यांपर्यंत घटला होता. वाईट म्हणजे चोवीस तास विश्रांती देऊनही बहुतेक माश्या सावरल्या नाहीत. आणि फटका जास्त बसला कामकरी माश्यांना. पोळ्यासाठी अन्न आणतात त्याच!

४० अंश म्हटल्यावर विदर्भातले श्रोते हसतील. बरोबर आहे, आपल्या सातेरी आणि आग्या माश्या उन्हाला सरावलेल्या. त्या पाणी आणून, पंखांनी वारा घालून पोळं थंड ठेवतात. त्यामुळे जर्मनीतला आकडा इथे कॉपी-पेस्ट करू नका. पण पोळ्याला कूलर असला तरी शेतातल्या फुलाला नसतो.

आपल्याकडे कांद्याचं बियाणं घ्या. ते पीक उन्हाळ्याच्या तोंडावर फुलतं. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतो, म्हणून एका फुलाचा पराग दुसऱ्यावर कुणीतरी नेऊन टाकावा लागतो. माश्या फिरकल्या नाहीत, तर गोंडे भरगच्च दिसतात, पण आत बी भरत नाही.