बॅगा कोण सांभाळणार?

सबमिशन संपलं, व्हायवा झाली, शेवटचा पेपरही टाकून झाला. आता घरात ट्रिपचा विषय निघणारच. धाकट्याला इमॅजिकाला जायचंय, तुमचीही मनातून तयारी आहे. बाबा मोबाइलवर तिकिटाचे दर बघतात, त्याला मनातल्या मनात पाचने गुणतात आणि ठरलेलं वाक्य येतं, "तुम्ही दोघं जा. आम्ही तिथे येऊन काय करायचं?"

हे वाक्य नीट ऐका. त्यात पैसे असतात, गुडघे असतात आणि थोडंसं "कुणी आग्रह करतंय का बघू" हेही असतं.

आग्रह केला की सगळे जातात. मग काय होतं, ते कुठल्याही थीम पार्कात राइडच्या खाली उभं राहून बघा. वर मुलं किंचाळतायत आणि खाली बाकावर आई बसलीय. मांडीवर दोन सॅक, हातात तीन चष्मे, पर्समध्ये चार मोबाइल. शेजारी आजी पदराने वारा घेतेय. दोघींचं तिकीट काढलेलं आहे आणि दोघी दिवसभर बॅगा सांभाळतायत. संध्याकाळी घरी येताना त्या म्हणतात, "छान होतं हं." आपणही ते खरं मानतो.

म्हणून या सुट्टीत ट्रिपचं प्लॅनिंग तुमच्याकडे घ्या आणि एकच नियम ठेवा: कुणीही दिवसभर बॅगा सांभाळायच्या नाहीत. हा नियम पाळायला गेलात की खर्चही आपोआप कमी होतो. कसा, ते बघू.

आधी विचारा, मग गुणाकार करा

इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं. पुण्याहून साधारण ९० किलोमीटर, खोपोलीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तिथल्या बऱ्याच मोठ्या राइड्सना उंचीची अट आहे. पाठीचं, मानेचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर अशा राइड्स टाळायलाच सांगतात. म्हणजे तिकीट सगळ्यांचं निघालं, तरी दिवस सगळ्यांना सारखा मिळत नाही. त्यामुळे घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा. सगळ्यांसमोर विचारलंत तर आई "मला काही नको" असंच म्हणणार.

इथे एक सावधगिरी. पैसे वाचवायचेत म्हणून आईला परस्पर "नकोच म्हणणाऱ्यां"च्या यादीत टाकू नका. विचारल्यावर कदाचित कळेल, की तिला वॉटर पार्कमध्ये जायचंय आणि बाबांनाच उंचीची भीती वाटते. ज्याला खरंच जायचंय त्याचं तिकीट काढायचं, मग वय काहीही असो. ज्याला नाही जायचं त्याच्यासाठी दुसरा, तितकाच चांगला दिवस आखायचा.

तिकिटाचे दर तारखेप्रमाणे बदलतात, तेव्हा एकाऐवजी चार-पाच तारखा टाकून बघा. शक्य असेल तर शनिवार-रविवार सोडून जा, रांगेतला वेळ वाचतो. विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी सवलत चालू आहे का तेही बघा आणि कॉलेजचं ओळखपत्र सोबत ठेवा. बाहेरचं खाणं बहुतेक पार्कमध्ये आत नेऊ देत नाहीत, म्हणून पोळी-भाजीचा डबा गेटच्या बाहेरच संपवा. पोट भरलेलं असलं की आतल्या बर्गरचा खर्च निम्मा होतो. आणि लॉकर घ्या. लॉकरचं भाडं द्यायला आपण कचरतो, कारण आई फुकट असते. असा हिशोब करायचा नाही.

त्याच रस्त्यावर, तिकिटाशिवाय

आता खरी गंमत. ज्यांना राइड्स नको आहेत, त्यांच्यासाठी याच रस्त्यावर अख्खा दिवस तयार आहे आणि तो जवळजवळ फुकट आहे. तुम्ही अठरा पूर्ण असाल तर धाकट्यांना घेऊन पार्कच्या गेटवर उतरा. बाबा, आई, आजी गाडी घेऊन तसेच पुढे पालीला जाऊ देत.

पालीचा बल्लाळेश्वर हा अष्टविनायकांपैकी एक. भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा आठांतला हा एकच गणपती. देऊळ दगडी आहे, मागे सरसगडाचा सुळका उभा आहे. इथली मोठी घंटा चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांविरुद्धच्या वसईच्या मोहिमेनंतर आणली, असं सांगतात. वसई सर झाली १७३९ मध्ये, म्हणजे बाबांना तिथे बोलायला भरपूर विषय आहे. दर्शनाला तिकीट नाही.

पालीजवळ उन्हेरे गाव आहे. तिथे गरम पाण्याची नैसर्गिक कुंडं आहेत. पाण्याला गंधकाचा वास येतो, पण कुंडाच्या काठावर बसून पाय सोडले की आजी तासभर हलत नाही. एक टॉवेल आणि जुनी साडी तेवढी सोबत द्या. आधी पाण्याला हात लावून बघायचा आणि रक्तदाबाचा त्रास असेल तर फार वेळ बसायचं नाही. तुम्ही वॉटर पार्कमध्ये असाल, तेव्हा आजीचं स्वतःचं वॉटर पार्क इकडे चालू असेल.

संध्याकाळी तुम्हाला घेऊन परत येताना खोपोलीजवळ महडचा वरदविनायक लागतो. हाही अष्टविनायकांपैकीच. इथला नंदादीप १८९२ पासून अखंड तेवतोय, असं सांगतात. मॅपवर टाकताना जपून. हे महड, चवदार तळ्याचं महाड वेगळं आणि बरंच लांब. हा घोळ केलात तर पुढच्या दहा ट्रिपा तुमच्या नावाने ऐकाव्या लागतील.

हिशोब बघा. पाच तिकिटांऐवजी तीन किंवा दोन. उरलेल्यांचे दोन अष्टविनायक एका दिवसात. आणि रात्री जेवताना दोन्हीकडे सांगायला गोष्टी. एरवी फक्त मुलं बोलतात आणि मोठे ऐकतात.

लाल डब्याचं गणित

घरी गाडी नसेल तर? मग खर्च अजून कमी होतो. पुण्याहून जुन्या हायवेने खोपोलीमार्गे जाणाऱ्या एसटी आहेत, खोपोलीहून पुढे पालीकडे गाड्या मिळतात. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं भाडं. ७५ पूर्ण झाली असतील तर ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. म्हणजे आजी फुकट आणि आई, ताई निम्म्यात. पूर्ण तिकीट फक्त बाबांचं आणि तुम्ही मुलगा असाल तर तुमचं. वयाचा पुरावा म्हणून आजीचं आधार कार्ड विसरू नका. परतीच्या गाड्यांच्या वेळा मात्र सकाळी उतरल्या-उतरल्या स्टँडवर विचारून घ्या. संध्याकाळी थकलेल्या पाच माणसांना घेऊन रिक्षा शोधण्यात वाचलेले सगळे पैसे जातात.

बाइकवर जाणार असाल तर एक्स्प्रेस-वे विसरा, तिथे दुचाकीला बंदी आहे. जुन्या हायवेने जावं लागतं. त्यात नुकसान काहीच नाही, उलट घाटात शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना बोरघाटातली वाट एका धनगराने दाखवली, ही त्याची गोष्ट. घाट उतरताना लोक अजूनही तिथे नाणं वाहतात. घरातल्या मोठ्यांपैकी कुणाला तरी ही गोष्ट नक्की माहीत असते. विचारा.

मळवलीला उतरा

सुट्टीचा दुसरा दिवस लोकलला द्या. पुणे ते लोणावळा ६४ किलोमीटर आणि तिकीट एका वडापावच्या आसपास. लोणावळ्याच्या आधी मळवली स्टेशन येतं. कार्ल्याची लेणी, भाजे लेणी आणि लोहगड, तिन्हीसाठी हेच स्टेशन.

कार्ल्याचं चैत्यगृह हे भारतातलं सर्वांत मोठं खोदीव चैत्यगृह आहे. आत गेल्यावर मान वर करा. छताला ज्या लाकडी कमानी दिसतात, त्या मूळच्या आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. लेण्याच्या दाराशीच एकवीरा आईचं देऊळ. कोळी बांधवांची ही कुलदेवता. म्हणजे एकाच चढणीत आजीचं दर्शन आणि तुमचा इतिहास. पायऱ्या बऱ्याच आहेत, तेव्हा सकाळी लवकर आणि दमादमाने चढा.

भाजे लेणी त्याहूनही जुनी आणि गर्दी बरीच कमी. तिथे कोरलेल्या चौदा स्तूपांचा समूह आहे. धाकट्याला मोजायला लावा. दम असलेल्यांनी तिथून पुढे लोहगड करावा. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात लोहगड आहे. वाटेला पायऱ्या आहेत आणि एकामागोमाग एक दरवाजे. वर विंचूकाटा नावाची लांबच लांब माची. या सगळ्या जागा पुरातत्त्व खात्याकडे आहेत. तिकीट नाममात्र आणि पंधरा वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत.

फुकट म्हणजे बेफिकीर नव्हे

एक गोष्ट गंभीरपणे. थीम पार्कच्या तिकिटात बेल्ट, तपासणी आणि शिट्टी मारणारा माणूस असतो. धबधब्यावर तो नसतो. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुलं होती. सगळे प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभे होते, पाणी वाढत गेलं आणि परतायला वाट उरली नाही. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल.

घाटमाथ्यावर पाऊस पडला, की खाली ऊन असतानाही पाणी चढतं. म्हणून पावसाळ्यात कुटुंबाला नेताना वाहत्या पाण्यात उतरायचं नाही, बंदीचा फलक असेल तिथून मागे फिरायचं आणि "पाच मिनिटं फक्त फोटो" याला नाही म्हणायचं. घरात ट्रिप तुम्ही ठरवली असेल, तर हे "नाही" म्हणण्याची जबाबदारीही तुमचीच.

आणि उरलेली सुट्टी?

बाकीचे दिवस पुण्यातच आहेत. सारसबागेसमोरचं पेशवे पार्क घ्या. तिथली फुलराणी १९५६ मध्ये सुरू झाली. म्हणजे पुण्यात वाढलेल्या आई-बाबांचं हेच इमॅजिका होतं, कदाचित आजी-आजोबांचंही. प्राणी नंतर कात्रजला हलले. ते बघायचे असतील तर राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात जा, पण बुधवार सोडून, त्या दिवशी ते बंद असतं. सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानी पद्धतीचं आहे, ओकायामा शहरातल्या बागेवर बेतलेलं. चढ नाही, सावली आहे, संध्याकाळी दोन तास आरामात जातात.

आणि एक दिवस आजीला घेऊन राजा केळकर संग्रहालयात जाच. तिकीट थोडं आहे, पण वसूल होतं. दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तू तिथे आहेत. दिवे, अडकित्ते, कुलपं, स्वयंपाकघरातली भांडी. काचेखालची पाटी तुम्ही वाचत बसाल, तेवढ्यात आजी सांगेल की ही शेवयाची की कुरडयांची, आणि तिच्या माहेरी असलीच कशी होती. तिथे गाइडची गरज लागत नाही, कारण तिला तुम्ही घेऊन आलेला असता.

तर आज रात्री जेवताना विषय काढा. "तुम्ही दोघं जा" आलं की लगेच मान हलवू नका. पाली, उन्हेरे, महड पुढे करा. आजीचा मोफत पास, आईचं अर्धं तिकीट सांगा. बाबांना हिशोब लिहूनच दाखवा, त्यांना तो आवडतो. आणि एवढं सगळं ऐकून आईने हळूच विचारलं, "ती नायट्रो म्हणजे तीच ना, ज्यात पाय अधांतरी असतात?" तर हसू नका. एक तिकीट वाढवा आणि तिची पर्स लॉकरमध्ये ठेवा.