व्यक्तिचित्राची साधना : लेखांक अकरावा – नंगाऱ्यावरील हात

पार्श्वभूमीचे जे प्रकरण गेल्या आठवड्यात कबूल केले होते ते तूर्त तहकूब ठेवणे भाग आहे, कारण मानोरा तालुक्यातील एका वाचकांनी विचारलेल्या प्रश्नाला बगल देऊन पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. त्यांचा किशोरवयीन पुतण्या रामनवमीच्या यात्रेत पोहरादेवीस नंगारा वाजवतो. त्याला चित्रासाठी बसवले की तो टिपऱ्या हाती धरून निश्चल होतो, आणि चेहरा हुबेहूब उतरूनही चित्रातला मुलगा वाजवणारा दिसत नाही; वाजवू दिले तर हात नजरेस ठरत नाहीत. तेव्हा काय करावे?

माझे निःशंक उत्तर असे की, त्याला वाजवू द्यावे. स्थिर बसलेला मनुष्य स्थिर राहतो हा चित्रशाळेतील एक जुना भ्रम आहे. घटकाभरात त्याचे खांदे उतरतात, मान खचते, आणि आरंभी आखलेली रेषा शेवटी कोणत्याच अवयवाशी जुळत नाही. वादकाचे तसे नसते. लय त्याला प्रत्येक आवर्तनात त्याच जागी परत आणून सोडते, आणि जी मुद्रा क्षणमात्र दिसून नाहीशी झाली असे आपण समजतो ती पुढच्याच आवर्तनात पुन्हा डोळ्यांसमोर हजर होते. शिवाय टिपरू कातड्यावर पडताना जरी दिसत नसले, तरी वर गेलेला हात खाली वळण्यापूर्वी निमिषभर थांबतो, कारण दिशा बदलताना वेग शून्य होणे हा गतीचा नियमच आहे. त्या निमिषात मनगट मागे कललेले, कोपर बरगड्यांपासून सुटलेले आणि दुसरा हात नेमका कातड्यावर असतो. कोळशाने प्रथम एवढेच टिपावे. बोटांची जिकीर नंतर करावी.

नजरेचा प्रश्न याहून बिकट आहे. मुरलेला वादक कोठेही पाहतो, परंतु शिकाऊ मुलगा आपल्या आवाजाची खातरजमा करीत असतो, म्हणून त्याची मान कानाच्या दिशेने झुकते आणि डोळे सोबत्याच्या हातावर खिळतात. बंजारा गायनात नंगाऱ्याला काशाच्या थाळीची साथ असते. तेव्हा थाळीवाल्याला चित्रकाराच्या शेजारी बसवण्याची तजवीज करावी, म्हणजे मुलगा चित्रकाराकडे न पाहताही चित्रकाराच्या दिशेने पाहील. या एका युक्तीने माझी कित्येक चित्रे तरली आहेत.

राजा रविवर्म्याचे १८८९ सालचे, म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील, वाद्ये घेतलेल्या निरनिराळ्या प्रांतांतील स्त्रियांचे समूहचित्र वस्त्रालंकारांच्या रंगविधानात अव्वल दर्जाचे आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तरी त्यातील मुखे मला ऐकणाऱ्यांची वाटत नाहीत, आपण पाहिल्या जात आहोत हे जाणणाऱ्यांची वाटतात. याउलट अमेरिकेतील हेन्री टॅनर या कृष्णवर्णी चित्रकाराने १८९३ साली रंगवलेला, वृद्धाच्या पुढ्यात उभा राहून बँजो शिकणारा मुलगा पाहावा. त्याचे सारे चित्त तारांवरील बोटांत गुंतलेले आहे, आणि त्या खोलीत एक प्रकाश शीतल तर दुसरा चुलीकडचा, ऊबदार आहे.

हे दोन प्रकाश आपल्या नंगाऱ्यालाही लागू पडतात. दमट हवेत कातडे सैल पडते, आवाज बसतो, आणि वाजवण्यापूर्वी ते विस्तवाजवळ धरून तापवावे लागते. पावसाळ्यातील संध्याकाळी हे काम चालू असता मुलाच्या हनुवटीखालून जो तांबूस उजेड चढतो आणि कपाळावर आकाशाचा जो निळसरपणा उरतो, त्यासारखा योग चित्रकाराला क्वचितच लाभतो. चैत्रातल्या यात्रेत मात्र विस्तवाचे प्रयोजन नाही. तेव्हा ऊन्ह कातड्यावर आदळून खालून मुखावर उसळते, आणि जवळ कांचळी ल्यालेली कुणी आजी बसली असेल तर तिच्या आरशांचे कवडसेही गालावर पडतात. ते बिनदिक्कत रंगवावेत. कातड्याचा वर्ण मात्र गालाच्या आधी ठरवावा, कारण मुखावरील उजेड तेथूनच येतो. मार कोठे पडतो हे तेथील झिजेवरून वाचावे आणि टिपऱ्यांची टोके त्याच जागेच्या रोखाने वळवावीत. ती दुसरीकडे वळली तर तांड्यातील लहान मूलही ती चूक दाखवील.

याच वाचकांनी चित्रात मुलाच्या पाठीमागे नंगारा भवन घ्यावे काय, असेही पुसले आहे. सेवालाल महाराजांच्या समाधीने पावन झालेल्या या गावी ५ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेली ती नंगाऱ्याच्या आकाराची वास्तू बंजारा समाजाच्या अभिमानाचा विषय आहे, आणि तिचे स्वतंत्र चित्र अवश्य काढावे. पण तिला मुलामागे उभे केल्यास त्याच्या पुढ्यातला खरा नंगारा लहान होतो आणि मुलगा इमारतीचा निशाणदार बनतो. एदुआर मानेने १८६६ साली बासरी वाजवणारा सैनिकपोर रंगवला तेव्हा त्याच्या मागे भिंत नाही, मैदान नाही, केवळ एक करडा रंग ठेवला; पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनाने ते चित्र नाकारले, पण आज ते त्याच शहरात ओर्से संग्रहालयात मानाने टांगलेले आहे. त्या करड्या रंगात काय काय मिसळलेले आहे आणि तो वऱ्हाडातल्या उन्हात कितपत टिकेल, हा खुलासा म्हणजेच तहकूब ठेवलेले प्रकरण. ते पुढील लेखांकी घेऊ. तोवर वाचकांनी पुतण्याचे चित्र कोऱ्या भूमीवरच सुरू करावे.