कोपराचे मर्म

यवतमाळजवळच्या कळंबच्या चिंतामणी गणपतीचे दर्शन जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून घ्यावे लागते, आणि त्या पायऱ्यांवर एखादे पाच-सहा वर्षांचे मूल हात सोडवून धावू लागले की आई ‘पडशील रे’ म्हणून ओरडते. त्या ओरडण्यात अस्थिशास्त्राचे एक सत्य दडलेले आहे. याच वयातले मूल पडताना तळहात पुढे टाकते, कोपर ताठ राहतो, आणि पडण्याचा सगळा भार दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाशी येऊन आदळतो. तेथे हाडाच्या पुढे एक व मागे एक असे दोन खळगे असून, त्यांच्यामधला हाडाचा पडदा पापुद्र्याइतका पातळ असतो. झाडावरून, बैलगाडीच्या धुरेवरून किंवा शाळेच्या कठड्यावरून पडलेल्या मुलांचा कोपर मोडतो तो बहुधा येथेच, आणि पाच ते सात या वयात हा प्रकार सर्वाधिक आढळतो.

हा अस्थिभंग हाडापुरता असता तर लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. त्या पातळ हाडाच्या अगदी पुढून हाताची मुख्य रोहिणी आणि मज्जातंतू जातात. मोडलेले टोक त्यांच्यात रुतते, सूज चढते, आणि हाताचा रक्तपुरवठा कोंडला जातो. अशा कोंडलेल्या स्नायूंचे पुढे काय होते, याचे वर्णन जर्मन शल्यविशारद रिखार्ड फोन फोल्कमान यांनी 1881 साली केले. मी ते पुस्तकात वाचण्याच्या पुष्कळ आधी माझ्या वर्गात पाहिले होते. शेजारच्या बाकावरच्या मुलाचा कोपर मोडला तेव्हा कोणा हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून करकचून पट्टी बांधली होती. मूल दोन रात्री रडले, तिसऱ्या दिवशी रडणे थांबले, आणि घरच्यांना वाटले की गुण आला. त्यानंतर त्याचे मनगट खाली वाकवले की बोटे उघडत आणि मनगट वर उचलले की आपोआप मिटत. पाटीवर लिहिण्यासाठी तो मनगट एका विशिष्ट कोनात धरी, आणि तो कोन सुटला की पेन्सील हातातून गळून पडे. कोपर जुळला होता, हात मात्र गेला होता.

यात पाश्चात्त्य शास्त्र जाणते आणि आपली परंपरा अडाणी, असा निकाल कोणी देऊ लागला तर त्याने सुश्रुतसंहिता उघडून पाहावी. शारीरस्थानात कूर्पर म्हणजे कोपर हे मर्म गणले असून, तेथे आघात झाल्यास हात व्यंग होतो, असे सांगितले आहे. चिकित्सास्थानातील भग्नप्रकरणात तर पट्टी सैल बांधली तर सांधा स्थिर राहत नाही, आवळून बांधली तर सूज, वेदना व पाक (पू होणे) उद्भवतो, म्हणून जाणते लोक मध्यम बंध पसंत करतात, अशी स्पष्ट आज्ञा आहे. आवळून बांधणारा हाडवैद्य परंपरेच्या नावाने जे करीत होता, ते परंपरेच्या हुकुमाविरुद्धच होते. आणि त्या मुलाच्या घरी हे सांगणारे कोणी नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

आजची शस्त्रक्रिया पाहणाऱ्याला प्रथम तिच्या साधेपणाचे आश्चर्य वाटते. मुलाला भूल देतात, क्ष-किरणांचे चित्र पडद्यावर हलते दाखवणारे सी-आर्म यंत्र टेबलाशी आणतात, आणि चाकू न लावता केवळ हातांनी हाड बसवतात: आधी हात ताणायचा, मग बाजूला सरकलेला तुकडा रेषेत आणायचा, आणि शेवटी कोपराच्या टोकाला अंगठ्याने पुढे दाब देत कोपर वाकवायचा. पडद्यावर हाड जागेवर दिसले की बाहेरच्या अंगाने, दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या दोन किंवा तीन तारा त्वचेतून थेट हाडात फिरवतात. जर्मन शल्यचिकित्सक मार्टिन किर्शनर यांनी 1909 साली वापरात आणलेल्या या तारा अजूनही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. आतल्या अंगाने तार घालायची वेळ आली तर मात्र हात आखडता घ्यावा लागतो. कारण कोपर भिंतीवर आपटल्यावर करंगळीपर्यंत मुंग्या आणणारा मज्जातंतू तेथे कातडीखालीच असतो. तारांची टोके वाकवून बाहेरच ठेवतात, आणि तीन ते चार आठवड्यांनी त्या पुन्हा भूल न देता उपसून काढतात. मूल क्षणभर दचकते, एवढेच.

प्रौढांचे प्रकरण वेगळे. दुचाकीवरून पडलेल्या माणसाच्या सांध्याचाच चुरा होतो, आणि तो जुळवायचा तर त्याच्यापर्यंत पोहोचणे हेच पहिले संकट असते. म्हणून शल्यचिकित्सक मागून जातो, प्रथम करंगळीकडे जाणारा तोच मज्जातंतू शोधून मऊ फितीने अलगद बाजूला धरतो, आणि मग कोपराचे टोक स्वतःच करवतीने इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात कापून, दंडाच्या मागील स्नायूसह झाकणासारखे वर उचलतो. सांधा जुळवण्यासाठी धड असलेले हाड मोडायचे, या निर्णयामागचे धैर्य मला फार मोठे वाटते. सांध्याचे तुकडे जुळले की दोन्ही अंगांना एकेक प्लेट बसते, आणि उचललेले टोक पुन्हा जागेवर येते. ते बांधण्याची एक पद्धत म्हणजे दोन सरळ तारा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा वेढा. त्यामुळे स्नायूची ओढ हाडाच्या फटीला उघडण्याऐवजी तिला सांध्याच्या बाजूने दाबून मिटवते. जखम उघडी व मातीने माखलेली असेल, तर मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी रचलेली, बाहेरून आधार देणारी ‘जेस’ ही चौकटही उपयोगी पडते.

एवढ्या खटाटोपाचे प्रयोजन एकच: घास तोंडापर्यंत पोहोचावा. नित्याच्या व्यवहाराला कोपर 30 अंशांपासून 130 अंशांपर्यंत वाकला तरी पुरते. पण कोपर हा फार लवकर आखडणारा सांधा आहे. म्हणूनच हाड पक्के बसवून प्रौढांना काही दिवसांतच रुग्णाने स्वतः करायची हालचाल सुरू करून देतात. येथे आपल्याकडचा दुसरा घातक रिवाज आडवा येतो, तो म्हणजे मालीश. दुखऱ्या कोपराला चोळल्याने किंवा जबरदस्तीने वाकवल्याने स्नायूच्या आत हाड तयार होऊ लागते, आणि मग सांधा कायमचा अडतो.

म्हणून मूल पडलेच तर हाडवैद्याकडे न जाता रुग्णालय गाठावे. कळंबहून यवतमाळ तासाभराच्या आत गाठता येते, आणि तेथील वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1989 पासून आहे; दुसऱ्या बाजूला सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान 1969 पासून आहे. घरच्या माणसांनी निघण्यापूर्वी एवढी तजवीज करावी: हात ज्या स्थितीत आहे तसाच पुठ्ठ्याच्या किंवा घडी घातलेल्या वर्तमानपत्राच्या आधाराने सैल बांधावा, ओढू नये, चोळू नये, मुलाला काही खायला-प्यायला देऊ नये, आणि शिधापत्रिका व आधारकार्ड सोबत घ्यावे. वाटेत बोटांकडे लक्ष ठेवावे. बोटे पांढरी किंवा निळसर दिसली, गार लागली, बधिर झाली किंवा ती सरळ करताना मूल किंचाळले, तर पट्टी त्याच क्षणी सोडावी आणि डॉक्टरांना आधी तेच सांगावे.