मोबाइलमधला पुरावा आणि दिवाणी दावा

शिरूर तालुक्यातील कवठे येमाईसारख्या गावात बांधाचा वाद, उसनवारीची बाकी किंवा विसार देऊन रखडलेला जमिनीचा व्यवहार यांचा पुरावा आता स्टॅम्पपेपरइतकाच मोबाइलमध्येही असतो. व्हॉट्सॲपवरची कबुली किंवा नांगरून टाकलेल्या बांधाचे छायाचित्र दिवाणी न्यायालयात कसे सिद्ध करायचे, हे १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम ६३ ठरवते; त्यापूर्वीच प्रलंबित असलेले दावे मात्र १८७२ च्या जुन्या पुरावा कायद्यानुसारच चालतात.

जुन्या कायद्यातील इलेक्ट्रॉनिक पुराव्याविषयीच्या कलम ६५-ब चा अर्थ महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात पक्का झाला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, तेव्हा त्यांचे नामनिर्देशनपत्र दुपारी तीनची मुदत टळल्यावर स्वीकारले गेले, असा आक्षेप पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी घेतला. त्यांचा आधार होता निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणाचा. परंतु त्याच्या नकलेसोबत लागणारे, ती नक्कल कोणत्या यंत्रातून व कशी निघाली हे सांगणारे प्रमाणपत्र अधिकाऱ्यांनी वारंवार मागूनही दिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की नकलेसाठी हे प्रमाणपत्र सक्तीचेच आहे. मात्र मालकाने साक्षीच्या वेळी मूळ मोबाइलच हजर केला, तर त्याची गरज नाही, आणि दुसऱ्याच्या ताब्यातील प्रमाणपत्र मिळत नसेल, तर ते मागवण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करता येतो. सामान्य पक्षकारासाठी या निकालातला हा शेवटचा भाग सर्वांत मोलाचा आहे.

नव्या कायद्यात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: पहिला पुरावा सादर करणाऱ्याने, दुसरा तज्ज्ञाने भरायचा. दोन्हींत ‘हॅश मूल्य’ नोंदवावे लागते, म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिती पद्धतीने काढलेली अक्षरे व अंकांची ओळ. एसएचए-२५६ पद्धतीत ती ६४ चिन्हांची असते आणि फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी पूर्ण पालटते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र आकुंचन पावत असल्याने त्याचे हॅश मूल्य मूळ फाइलशी जुळत नाही, म्हणून दावा निकाली निघेपर्यंत मूळ मोबाइल जपणे हेच शहाणपणाचे.

फेरफार उघडी पाडणारी ही तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु ‘तज्ज्ञ’ म्हणजे नेमका कोण, याची व्याख्या कलम ६३ मध्ये नाही, आणि वीस हजारांच्या उसनवारीसाठी दावा लावणाऱ्या शेतकऱ्याला शहरातील तज्ज्ञाचे शुल्क परवडेल, असे गृहीत धरणे अन्यायाचे आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १२२ नुसार उच्च न्यायालयाला दिवाणी कामकाजाचे नियम करता येतात. त्या अधिकारात प्रत्येक तालुक्यासाठी तज्ज्ञांची यादी आणि लहान दाव्यांसाठी शुल्काची कमाल मर्यादा ठरवून दिली पाहिजे.