सशांचा आहार आणि फळांचा मोह

मुळशीच्या खोऱ्यांत ज्येष्ठ महिना लागला म्हणजे फळांची नुसती लयलूट असते. करवंदें सरत आलेलीं असतात, जांभळें झाडाखालीं सांडलेलीं असतात आणि घरोघर फणसाचा वास दरवळत असतो. अशाच एका ज्येष्ठांत, पौडजवळच्या आमच्या घरीं पाळलेल्या चार पांढऱ्या सशांपुढें मीं मोठ्या प्रेमानें पिकल्या फणसाचे गरे टाकले. त्यांनीं ते आवडीनें खाल्ले. दुसऱ्या दिवशीं त्यांना हगवण लागली, पोटें टरारून फुगलीं आणि तिसऱ्या दिवशीं दोन ससे दगावले. "आजोबा, गोड खाऊन कोणी मरतें का?" या नातवाच्या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. पुढें तें शोधलें. तेंच आज आपणांस सांगावयाचें आहे.

सशाचें आरोग्य त्याच्या उंडुकावर अवलंबून असतें. लहान व मोठें आंतडें जेथें जुळतें तेथली ही पिशवी सशाच्या पोटांतील सर्वांत मोठा अवयव होय. तींत असंख्य उपकारक जंतूंची वस्ती असते. गवतांतील चोथा हे जंतु आंबवितात आणि त्यापासून सशास शक्ति देणारीं आम्लें, प्रथिनें व 'ब' वर्गांतील जीवनसत्त्वें तयार करितात. या पिशवींतून मऊ गोळ्या बाहेर पडतात. त्या नेहमींच्या लेंड्यांहून निराळ्या असून ससा त्या पुन्हां खातो. पाहणाऱ्यास किळस येते. परंतु गाईच्या रवंथासारखीच ही निसर्गाची काटकसर आहे. 'क' जीवनसत्त्व तर ससा स्वतःच्या शरीरांतच तयार करितो. तेव्हां ज्या कारणासाठीं आपण आजाऱ्यास संत्रें-मोसंबें देतों, तें कारण येथें लागूच पडत नाहीं.

आतां या पिशवींत एकदम पुष्कळ साखर जाऊन पडली तर काय होईल? चोथ्यावर जगणारे जंतु मागें पडतात, घातक जंतु माजतात आणि विष उत्पन्न करितात. सशास वांती होत नाहीं. त्यामुळें पोटांत गेलेलें वरून टाकून देण्याची सोय त्याला नाहीं. आईचें दूध नुकतेंच तुटलेलीं पिलें या विकारास विशेष बळी पडतात. शिवाय सशाचे दांत जन्मभर, आठवड्यास सुमारें २ मिलिमीटर, वाढतच असतात. ते झिजतात गवत चावून. मऊ फळानें नव्हे.

कोणी म्हणेल, रानांतला ससा फळें खात नाहीं काय? खात असेल, पण तो जातीनेंच निराळा. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास संरक्षण आहे. आपला पिंजऱ्यांतला ससा युरोपांतील बिळांत राहणाऱ्या सशाचा वंशज आहे. आणि रानससाहि मुख्यतः गवत-पाल्यावरच जगतो.

मग फळें सर्वथा वर्ज्यच समजावयाचीं काय? तसें नाहीं. फळांतील साखर घातक. परंतु रस काढून उरलेला सुका चोथा उपयोगी पडतो. सफरचंदाच्या व संत्र्याच्या चोथ्यांत पेक्टिन पुष्कळ असतें. तें लवकर आंबतें व उंडुकांतील चांगल्या जंतूंस पोसतें. स्पेन, इटली, ईजिप्त इत्यादि देशांत अशा चोथ्यांचे सशांवर प्रयोग झालेले आहेत. खाद्यांत तो बेतानें मिसळला तर सशांची वाढ खुंटत नाहीं आणि धान्याचा खर्च वांचतो. आपल्याकडे नाशिकास द्राक्षांचा व नागपुराकडे संत्र्यांचा चोथा निघतो. मात्र द्राक्षाच्या बियांत व सालींत तुरट द्रव्यें आणि लाकडासारखा कठीण अंश फार असतो. प्रमाण वाढलें कीं अन्न नीट पचत नाहीं.

मुळशीची खरी अडचण निराळीच आहे. फळांचा हंगाम संपतो न संपतो तोंच येथें धो धो पाऊस सुरू होतो. अर्धवट वाळलेल्या चोथ्यास दोन दिवसांत बुरशी चढते, आणि बुरशीचें विष सशाचें यकृत बिघडवितें. ओल्या पिंजऱ्यांत कॉक्सिडिया नांवाचे सूक्ष्म जीव बळावतात, तें वेगळेंच. म्हणून चोथा पावसापूर्वीं कडक उन्हांत वाळवावा; हातांत चुरला असतां कुडकुडीत मोडला तरच सांठवावा. वास आला कीं टाकून द्यावा.

घरच्या सशास सुकें गवत सदैव पुढें असावें. जोडीला हिरवा पाला व स्वच्छ पाणी. नवें खाद्य आठवडाभर थोडथोडें वाढवीत द्यावें. ताजें फळ द्यावयाचेंच तर मोठ्या सशास चमचाभर, तेंहि आठवड्यांतून एक-दोनदां. पिलांस मुळींच नको. सफरचंदाच्या बिया काढून टाकाव्या. अव्होकाडोचें फळ व पानें दोन्ही सशास विषारी आहेत. ससा खावयाचा थांबला किंवा लेंड्या बंद झाल्या, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां गुरांच्या डॉक्टरांकडे न्यावें.

आमचे उरलेले दोन ससे पुढें गवतावर चांगले वाढले. नातू अजूनहि फणसाचे गरे खातो. सशांना मात्र तो आपल्या हातानें गवताची पेंढी नेऊन घालतो.